प्लॉटिंग फसलेली, मुरूम ओरबाडलेली नऊ एकर : जंगल करावं की माळ?

निरगुडी

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

जेजुरी-मोरगाव पट्ट्यात आमची नऊ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. जिरायती, तीही हलकी. आजोबा वरच्या अंगाला बाजरी-मटकी घ्यायचे, बाकीचं रान गुरांसाठी सोडलेलं. मध्यंतरी काकांनी ती एका प्लॉटिंगवाल्याला करारावर दिली. त्याने दणक्यात सुरुवात केली. ३० फुटी रस्ते, त्यांवर रोलर, दोन्ही कडांना सिमेंटची गटारं, प्लॉटचे दगड, प्रवेशाला कमान. रस्त्यांसाठी बाहेरून मुरूम आणायला नको म्हणून आमच्याच खालच्या कोपऱ्यात खणला. तिथे आता दीड-दोन पुरुष खोल खड्डा आहे, अर्ध्या एकराच्या आसपास. मग परवानग्या अडकल्या, माणूस गायब झाला आणि कोर्टकचेऱ्या होऊन जमीन यंदा मोकळी झाली.

आजची परिस्थिती अशी की रस्त्यांवर काही म्हणजे काही उगवत नाही, पावसात पाणी नुसतं वाहून जातं. कडेने गाजर गवत कमरेएवढं. गटारं जिथे संपतात तिथे घळी पडल्यात. खड्ड्याभोवती वेडी बाभूळ. वरचा तीनेक एकरांचा तुकडा मात्र जुन्यासारखा आहे, कारण त्याचं मशीन तिथवर पोचलंच नाही. गवत, तरवड, थोडे हिवर, दोन बोरी.

विकायची नाही आणि बांधायचंही काही नाही, एवढ्यावर घरात एकमत. पुढे जितकी तोंडं तितकी मतं. भावाला मियावाकी जंगल (खूप रोपं दाटीवाटीने लावून करतात ते) करायचंय (कोटेशनही आणलंय, आकडा सांगत नाही). चुलतभाऊ म्हणतो बांबू लाव. आई म्हणते आंबे. मला वाटतं जमीन मुळात होती तशी व्हावी. पण 'होती तशी' म्हणजे नेमकी कशी, आणि हात कुठून घालायचा? जाणकारांनी लिहा.

टवाळ_टिटवी

आंब्याला माझं मत. पेटी घरपोच मिळणार असेल तर.

चिंकारा

निरगुडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वरच्या तीन एकरांत उभं आहे. श्रावणात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तिथे नीट फिरा. कुठली गवतं आहेत, कुठे कुसळी जास्त आहे, कुठे मारवेल, वारुळं कुठे, पाणी कुठून उतरतं, सगळं लिहून काढा. उरलेल्या सहा एकरांना जिथे न्यायचंय तो नमुना तुम्हाला आयता मिळालाय. बहुतेकांच्या नशिबी तो नसतो.

त्या पट्ट्यात पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. खाली बेसॉल्ट, त्यावर मुरूम, वर वीतभर माती. अशा ठिकाणी दाट जंगल नसतंच, माळ असतो. गवत हा मालक आणि हिवर, बोर, बाभूळ, खैर, मधूनच एखादा पळस ही विखुरलेली कुळं. ही जंगलाची बिघडलेली आवृत्ती नव्हे. धाविक, चंडोल, माळटिटवी, खोकड, लांडगा, चिंकारा यांना उघडं रान लागतं, झाडी दाटली की ती निघून जातात. तुमच्या जवळच सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. चिंकाऱ्यासाठी राखलेलं, पण जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथल्या हरणांना हद्द कळत नाही. भोवतीच्या खाजगी माळांवर ती चरतात, आणि तेच माळ प्लॉटिंगखाली चाललेत.

मियावाकीबद्दल. अकिरा मियावाकींनी ही पद्धत जपानच्या पावसात, जिथे मुळात जंगलच होतं अशा जागांसाठी बसवली. दर चौरस मीटरला तीन रोपं धरली तर तुमच्या नऊ एकरांना लाखाच्या वर रोपं लागतील. वर मीटरभर खोल माती उकरून त्यात सेंद्रिय खत मिसळायचं आणि दोन-तीन वर्षं पाणी द्यायचं. जेजुरीकडे एप्रिलात माणसांना टँकर लागतो, हे भावाला आठवण करून द्या.

मिठीकाठ

मियावाकीवर एवढं तुटून पडू नका हो. जागेवर आहे सगळं. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहिलंय का? ३७ एकर. आधी ते मुंबईचं कचरा टाकायचं मैदान होतं. कचऱ्यावर माती पसरली, १९८०च्या दशकात झाडं लावायला लागले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आज धारावीला लागून मिठीच्या काठावर दाट झाडी आहे. तिथे 'मुळात काय होतं' याला काही अर्थच उरला नव्हता, म्हणून जे जगेल आणि शहराला उपयोगी पडेल ते लावलं. बरोबरच केलं.

चिंकारा

@मिठीकाठ, पूर्ण सहमत. माहीमला नमुना उरला नव्हता. इथे तीन एकर उरलाय, एवढाच माझा मुद्दा.

निवृत्त_रेंजर

आता आमच्या वनखात्याला कुणीतरी शिव्या घालणारच, म्हणून आधीच लिहितो.

माळावर गिरिपुष्प का लावलं? कारण ते जगतं. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, छाटलं की पुन्हा फुटतं, नत्र धरतं, फांदी रोवली तरी मूळ धरते. खाली कर्मचाऱ्याला विचारतात, किती लावली आणि किती जगली. राज्यात २०१६ ला दोन कोटी झाडांचं उद्दिष्ट, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा, २०१९ ला तेहेतीस कोटी. तीन बाय तीन मीटरने हेक्टरी ११११ खड्डे बसतात. जागा कुठली? शेत मिळत नाही, घनदाट वनात लावायला जागा नाही, मग उघडा माळ दिसतो. गवताचं काम केलं तर नोंद कुठल्या रकान्यात करायची हा खरोखरचा प्रश्न होता. गवत कुणी मोजत नाही.

तरीही चिंकारासाहेबांना विरोध नोंदवतो. सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) आणि थोडी झाडं यांच्याशिवाय तुटलेली जमीन धरून राहत नाही. जिथे घळी पडल्यात तिथे नुसत्या गवताच्या भरवशावर बसाल तर दोन मोठ्या पावसांत उरलेली माती कऱ्हेत जाईल.

चिंकारा

घळींबद्दल मान्य. चरांबद्दल नाही. वरच्या तीन एकरांत एकही चर खणू नका, निरगुडी. तिथलं गवत पाणी मुरवतंय, मशीन घालून ते उपटायचं आणि चराच्या मातीवर पुन्हा गाजर गवत वाढवायचं, हा आतबट्ट्याचा धंदा आहे.

पोकलेनवाला

माझा धंदाच मातीकामाचा आहे, तेव्हा रस्त्यांचं मी सांगतो.

रोलर फिरलेला मुरूम आपोआप सुटणार नाही, दहा-वीस वर्षं तसाच राहतो. आधी तपासा. फूटभर खोल खड्डा पहारीने घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळी टाकून संध्याकाळपर्यंत हललं नाही तर तिथे कुठल्याही बीचं मूळ जाणार नाही. हेच वरच्या रानात करा, फरक डोळ्यांनी दिसेल.

फोडायचं ते एप्रिल-मेमध्ये, जमीन ठणठणीत कोरडी असताना. कोरडी असली तर खालपर्यंत तडकते. ओली असताना दात घातला की नुसती चीर पडते आणि कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, पैसे वाया. ट्रॅक्टरचा सबसॉयलर (जमीन खोलवर फाडणारा नांगर) रोलरच्या मुरमात बहुधा टिकणार नाही, पोकलेनला रिपरचा दात लावून घ्या. ओळी उताराला आडव्या. ढेकळं फोडून सपाट करायच्या भानगडीत पडू नका, खाचखळगे राहू देत, बी आणि पालापाचोळा त्यातच अडकतो. ऑपरेटरला हे चार वेळा सांगावं लागेल. आमच्या पोरांना जमीन सपाट करून दिल्याशिवाय चैन पडत नाही.

गटारं: ती पाणी गोळा करून एका तोंडाशी सोडतात, म्हणून घळी आहेत. सगळी उपटायचा खर्च नको असेल तर ठरावीक अंतरावर तळ आणि बाजू फोडून पाणी आडवं बाहेर काढा. निघालेलं सिमेंट आणि प्लॉटचे दगड घळीत आडवे रचा, वरून खाली. पहिला बांध डोक्याशी, शेवटचा तळाशी. उंच एकच बांधू नका, गुडघ्याएवढे पुष्कळ बांधा.

आणखी एक. खड्डा खणायच्या आधी वरची माती कुठेतरी ढकललेली असणार. प्लॉटिंगवाले ती गाडीभर भाडं देऊन बाहेर नेत नाहीत. कुंपणाच्या कडेला झुडपं वाढलेला लांबट ढीग दिसतोय का?

निरगुडी

@पोकलेनवाला, आहे! उत्तरेच्या बांधाला लागून आहे, आम्ही त्याला वारूळ समजत होतो. त्यावर तरवड मस्त वाढलाय.

पोकलेनवाला

तेच तुमचं सोनं. ते रस्त्यांवर पातळ पसरा. आणि बाहेरून गाळ आणू नका.

हिशेबनीस

गाळ का नको? सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहेच, गाळ स्वस्तात मिळतो. काळी माती टाकली तर काहीही उगवेल.

चिंकारा

तोच घोटाळा आहे, काहीही उगवेल. शेताला गाळ उत्तम. पण पवन्या, कुसळी ही गवतं हलक्या, उपाशी जमिनीवर पोसलेली. सुपीक माती मिळाली की आधी गाजर गवत आणि कॉसमॉस उसळी मारतात आणि देशी गवताचं बी खाली गुदमरतं. शिवाय गाळातून तलावाकाठच्या तणांचं बी येतं ते वेगळंच. जमीन जरा हलकीच असू द्या.

हिशेबनीस

ठीक. पण मग मूळ प्रश्न. नऊ एकर गवत करून मिळणार काय? आज भाव धरला तर त्या जमिनीचे कोटीत पैसे होतात. तिथे गवत 'पिकवायला' पोकलेनचं तासाचं भाडं द्यायचं? भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका एवढंच सांगतो. झाडांचं निदान लाकूड होतं.

निरगुडी

विकायची नाही हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. भाव आम्हालाही माहीत आहे, दर आठवड्याला एजंटचा फोन येतो.

डिचोलकार

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे हाच प्रश्न शेकडो पटींनी मोठा आहे.

लोहखनिज एक टन काढायचं तर अडीच-तीन टन निरुपयोगी माती-दगड बाजूला टाकावा लागतो. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत अशा ढिगांचे डोंगर झाले. त्यावर १९८०-९०च्या दशकांत ऑस्ट्रेलियन अकेशिया धडाक्यात लावला. फोटो काढायला उत्तम, चार-पाच वर्षांत हिरवागार. उतार धरून ठेवायचं काम त्याने केलं, हे नाकारत नाही. तीन हजार मिलिमीटर पावसात तो नसता तर आणखी लाल चिखल शेतात आला असता. पण मी ज्या ढिगांवर फिरलोय तिथे अकेशियाखाली वाळक्या पानांचा जाड थर आणि त्याखाली उघडी लाल माती. ना किंदळ, ना माट्टी, ना जांभूळ स्वतःहून येत. माणसाने लावली तरच. पिसुर्ले-शिरगावच्या शेतकऱ्यांना विचारा, भातशेतात उतरलेला खाणीचा गाळ काढून काढून पिढी गेली.

कायद्याचं म्हणाल तर वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवा आणि नंतर वापरा, हे १९८८च्या खनिज नियमांपासूनच आहे. खाणी २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या, मग सुरू झाल्या, मग २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्द केल्या. त्या सगळ्या गदारोळात ती माती कुठे गेली ते देव जाणे.

आणि हिशेबनीसांसाठी खास: जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या खाणींबाबत एक आदेश दिलाय. खाणकाम संपल्यावर त्या जागेवर आणि खाणीमुळे बिघडलेल्या इतर जागेवर पुन्हा गवत वाढवून द्यायचं, चाऱ्याला, झाडा-झुडपांना आणि प्राण्यांना योग्य होईल असं. गवत वाढवून द्यायचं, असं! रोपांची संख्या नाही सांगितलेली. अंमलबजावणीबद्दल बोलत नाही, पोटात दुखेल.

चांदागडची

@डिचोलकार +१

आमच्या चंद्रपूरला कोळशाच्या खुल्या खाणींचे ढिगारे बघा. कुणी काही न करता त्यावर वेडी बाभूळ माजलीय आणि दुर्गापूर भागात त्याच काट्यात वाघ येऊन राहतात. कागदावर हे 'निसर्ग परतला' म्हणून खपेल. वस्तीतल्या बायकांना विचारा सकाळी अंधारात बाहेर जाताना काय वाटतं. नुसतं हिरवं झालं म्हणून बरं झालं असं नसतं, एवढंच म्हणायचंय.

चांगलं उदाहरणही आमच्याच विदर्भात आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सावनेर तालुक्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर प्रयोग केला. खाणीच्या दगडमातीत जिवाणू जवळजवळ नसतात, म्हणून साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, घातली आणि रोपांच्या मुळांना रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर हे नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांवर वाढणारी बुरशी देऊन मग लागवड केली. जिथे नुसता दगड होता तिथे साग, शिवण वाढले. निरगुडींच्या मुरमाला मँगनीजच्या ढिगाइतकं औषध लागणार नाही. पण वरच्या तीन एकरांतली चार घमेली माती रस्त्याच्या फोडलेल्या ओळीत ठिकठिकाणी टाकली तर ते जिवाणू आणि बुरशी फुकटात पोचतील.

डुइसबुर्गवासी

जर्मनीच्या रूर खोऱ्यातून. माझ्या घराजवळ मायडरिशचा लोखंडाचा कारखाना १९८५ ला बंद पडला. पाडला नाही, त्याचं उद्यान केलं आणि १९९४ ला उघडलं. भट्ट्यांमधून आपोआप उगवलेली बर्चची झाडं तशीच ठेवली. १९९६ पासून इथे अशा पडक्या औद्योगिक जागांवर जंगल आपोआप येऊ द्यायचा सरकारी प्रकल्पच आहे. म्हणून विचारतो, निरगुडींनी काहीच केलं नाही तर?

चिंकारा

इथे काहीच केलं नाही तर वेडी बाभूळ येते, वर चांदागडची म्हणाल्या तशी. तुमच्याकडे बर्च तिथलंच झाड आहे. आमच्याकडे उघड्या जागी सगळ्यात आधी धावत येणारं झाड मेक्सिको-दक्षिण अमेरिकेतलं. वर फेब्रुवारी-मार्चचा वणवा. वरचा तीन एकर खरोखर हात न लावता सोडायचा, खालचा नाही.

वेडी बाभूळ कोयत्याने तोडू नका, एका खोडाची दहा होतात. जमिनीखाली वीत-दीड वीत बुडखा असतो, तिथून फुटवे येतात. पावसाळ्यात माती मऊ असताना कुदळीने बुडख्यासकट काढा. सगळी एका वर्षी नको. आज त्याच झाडांवर पक्षी घरटी करताहेत. दरवर्षी एक कोपरा घ्या आणि तिथे लगेच गवत पेरा.

मेंढका

एवढा वेळ वाचत होतो. इथे अजून कुणी चराईबंदी म्हणालेलं नाही, पण म्हणणार, म्हणून लिहितो.

आमचं घराणं मेंढपाळाचं. मी पुण्यात नोकरी करतो, चुलत्यांचा वाडा (मेंढ्या आणि बिऱ्हाड) अजून फिरता आहे. पावसाळा गावाकडच्या माळावर, दिवाळी झाली की मुळशी-मावळाकडे, कोकणात. वाटेत शेतकरी मेंढ्या बसवायला बोलावतात, लेंडीखतासाठी धान्य आणि पैसे देतात. तोच माणूस माळावर मेंढी दिसली की शेजाऱ्याला फोन करतो.

माळ मेंढीने खराब होत नाही. कायम तिथेच राहिलेल्या मेंढीने होतो. एक दिवस चरून पुढे गेलेल्या कळपाने काय होतं ते बघा. वाळलेलं गवत तुडवलं जातं, बी खुरांनी जमिनीत दाबलं जातं, लेंडी पडते. वर्षानुवर्षं न कापलेल्या, न चारलेल्या गवताचा जाड गादीसारखा थर होतो, नवा फुटवा खालून वर येत नाही, आणि मग कुणाची तरी विडी पडली की सगळं पेटतं. रान राखायचं म्हणून काटेरी तार मारून वणव्याला सरपण जमवून ठेवायचं, असं चाललंय बऱ्याच फार्महाऊसांत.

निवृत्त_रेंजर

मेंढकांशी सहमत, पण अट घालून. पहिली दोन वर्षं खालच्या सहा एकरांत पूर्ण बंदी हवी. कोवळं गवत मुळासकट उपटून येतं. हिवरे बाजारला डोंगर हिरवा झाला तो चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतः पाळली म्हणून. गवत विळ्याने कापून न्यायचं, जनावर आत सोडायचं नाही.

मेंढका

दोन वर्षं मान्य. पुढे मात्र बोलवा.

टवाळ_टिटवी

या धाग्यावर दोन माणसांचं एकमत झालं. ॲडमिन, स्क्रीनशॉट काढा.

कातळकोकणी

खड्ड्याबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) चिरेखाणी अशाच सोडून दिलेल्या असतात. चौकोनी, उभ्या कडांच्या. पावसात भरतात आणि दरवर्षी कुठेतरी एखादं वासरू किंवा पोर बुडतं. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे एका बाजूची कड कापून उतार करा, आत पडलेला जीव चालत बाहेर आला पाहिजे. हे बाकी कशाहीआधी.

दुसरी गोष्ट, तो भरायला कुणी राडारोडा 'फुकट टाकून देतो' म्हणून येईल. शहराजवळ असाल तर ट्रक रात्रीच येतात, विचारतही नाहीत. रस्त्याकडून येणारी वाट आजच बंद करा. एकदा राडारोडा पडला की त्यात रंगाचे डबे, जिप्सम, प्लॅस्टिक सगळं येतं आणि मग ते निस्तरायला नव्याने धागा काढावा लागेल.

तिसरी, खड्डा बुजवू नका. एक कड उभीच ठेवा, शक्यतो पूर्वेकडे तोंड असलेली. मुरमाच्या उभ्या कडेत वेडे राघू बिळं करतात. तळाशी पावसाळ्यात पाणी साठेल, बेडकांना तेवढं पुरतं. मासे सोडू नका, ते बेडकांची अंडी साफ करतात.

मिठीकाठ

डासांचं काय?

कातळकोकणी

मोरगावला डिसेंबरात तो कोरडा पडेल. शिवाय बेडूकमासे आणि चतुराची पिल्लं असलेल्या पाण्यात डासांच्या अळ्यांचं फारसं चालत नाही. घाबरायचं ते गटारांत तुंबलेल्या पाण्याला. ती फोडा, पोकलेनवाले म्हणाले तशी.

निरगुडी

किती लिहिलंत सगळ्यांनी! भावाला धागा वाचायला दिला. मियावाकीचं कोटेशन बाजूला ठेवलंय. घराच्या मागे पाव गुंठ्यात करून बघतो म्हणाला, करू दे.

आता गवताचं बी. बाजारात मिळतं ते चाऱ्याचं, त्यातलं बरंचसं संकरित. वरच्या तुकड्यातलं घ्यायचं तर कसं, कधी?

चिंकारा

वरच्याच तुकड्यातलं. बाहेरचं आणूच नका.

मारवेल आणि पवन्याचं बी ऑक्टोबरच्या मध्यापासून तयार होतं. तुरा मुठीत हलका धरून वर ओढायचा. पिकलेलं बी हातात येतं, कच्चं दांड्यालाच राहतं. ओढावं लागलं तर आठवड्याने या. सगळं काढू नका, तीन तुऱ्यांतला एक. गोणपाटाच्या पोत्यात, सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. ताजं बी लगेच पेरलं तर फारसं रुजत नाही, उन्हाळाभर ठेवलेलं जूनमध्ये चांगलं रुजतं.

कुसळी वेगळी. तिची कुसळं एकमेकांत अडकून गुंते होतात, सोडवायच्या नादी लागू नका. एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. लांब शेपटी वळायला लागते आणि टोकदार बी तुमच्या कातडीत शिरायचा प्रयत्न करतं. मातीतही ते तसंच शिरतं, ओलं झालं की एका दिशेला पीळ, वाळलं की उलट. म्हणून कुसळीचे गुंते नुसते फोडलेल्या मुरमावर पसरले आणि वर चार काटक्या ठेवल्या की पुरे. बाकीचं बी मातीत आणि शेणकाल्यात मिसळून पहिल्या वळवानंतर फेका. मुंग्या नेतील काही, त्यांचा वाटा धरून पेरा.

याहून सोपा मार्ग हवा असेल तर वरच्या रानातलं गवत बियांसकट कापून भारे खाली नेऊन पसरा. बी गळतं, वाळक्या काड्यांची सावली पडते, माती धुपत नाही.

पहिल्या वर्षी दिसेल ते बहुतेक गाजर गवतच असेल. घाबरू नका. फुलायच्या आत, पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, त्याने अंगाला खाज सुटते, दमही लागतो. पावसाळ्यात त्यावर पट्ट्यापट्ट्यांचे पिवळसर भुंगे पानं खाताना दिसले तर मारू नका, ते खास त्याच कामासाठी मेक्सिकोतून आणलेत. तरोटा आला तर तोही राहू द्या, गाजर गवताला तो बऱ्यापैकी दाबतो.

हिशेबनीस

एक प्रामाणिक प्रश्न. हे जमतंय की नाही ते कळणार कसं? रेंजरसाहेबांच्या रोपांसारखं मोजता येत नाही म्हणालात.

निवृत्त_रेंजर

मोजता येतं. खात्याने मोजलं नाही, ही गोष्ट वेगळी. मीटर बाय मीटरची चौकट करा, पाइपची किंवा काठ्यांची. वरच्या रानात आणि फोडलेल्या रस्त्यावर ठरलेल्या जागी खुंट्या ठोका आणि दर ऑक्टोबरात तीच चौकट तिथेच टाका. आत किती जातींची गवतं, किती गाजर गवत, किती उघडी जमीन, लिहून ठेवा. त्याच खुंटीवरून त्याच दिशेला फोटो. पोकलेनवाल्यांचा पाण्याचा खड्डाही दरवर्षी घ्या, पाणी किती वेळात मुरलं त्याची नोंद हिशेबनीसांना आवडेल.

आणि झाडांचा माझा हट्ट सोडलेला नाही. सहा एकरांत तीसेक झाडं तरी लावा. हिवर, बोर, खैर, बाभूळ, खड्ड्याच्या उतारावर एखादा पळस. नर्सरीतून पिशवीतली आणण्यापेक्षा बी टोका, मूळ सरळ खाली जातं.

चिंकारा

तीसला हरकत नाही. ओळीत नको.

निवृत्त_रेंजर

चाळीस वर्षं ओळीत लावली, आता तुम्ही म्हणाल तशी वाकडीतिकडी लावू.

निरगुडी

मग यंदाचं असं ठरवलंय. आधी खड्ड्याची एक कड उतरती करून घेणार आणि ट्रकची वाट चर मारून बंद. दिवाळीच्या आगेमागे बी गोळा करणं. एप्रिलात रस्ते फोडायचे, सगळे नाही, एकच. तो कसा वागतो बघून पुढच्या वर्षी बाकीचे. ढिगातली माती त्यावरच. तारेचं कुंपण करत नाही, प्लॉटचे दगड रचून गुडघाभर बांध आणि त्याला लागून निवडुंग. आईला दोन आंबे विहिरीजवळ दिलेत, त्यावर वाद घालायची कुणाचीही प्राज्ञा नाही.

@मेंढका, तिसऱ्या वर्षापासून वाडा येऊ शकेल का? आणि वरच्या तीन एकरांत यंदाच चालेल? तिथलं जुनं गवत खरंच गादीसारखं झालंय.

मेंढका

वरच्या रानात यंदा चालेल, पण बी गळून गेल्यावर. तुमचं बी गोळा करून झालं की सांगा. चुलते त्याच सुमारास जेजुरीवरून जातात. शंभरेक मेंढ्या, एक रात्र, फार तर दोन. पैसे नकोत, पाण्याची सोय लागेल. खड्ड्यात तेव्हा पाणी असेल का, आणि तोवर तो उतार झालेला असेल का तेवढं कळवा. नाहीतर विहिरीवरून टाकी भरून ठेवावी लागेल. आणि शेजारच्या बांधावर आधी बोलून ठेवा, त्यांचा हरभरा तेव्हा उगवून आलेला असतो.